पन्नास रुपयांचं अर्धसत्य

कुत्र्याला काठीने झोडपल्याचा व्हिडिओ आला की त्याच्या मागोमाग हा मजकूर फिरतो : ‘प्राण्याला मारलं तर दंड फक्त 50 रुपये. भटक्या कुत्र्याला मालकच नाही, मग तक्रार करणार कोण? पोलीसही घेत नाहीत.’ तो वाचून माणसं पोलीस ठाण्याची पायरीच चढत नाहीत. म्हणून मला त्याची चीड आहे.

आधी पन्नास रुपये. हा आकडा खरा आहे आणि लाजिरवाणा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याच्या कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. केंद्राने 2022 मध्ये तो वाढवण्यासाठी मसुदा काढला होता.

पण कायदा तेवढ्यावर संपत नाही. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 325 नुसार प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंड संहितेत आधी जनावराची किंमत बघायचे : दहा रुपये किंवा जास्त असेल तर कलम 428, पन्नास किंवा जास्त असेल तर 429. गाय, बैल, म्हैस, घोडा अशांना किंमतीची अट नव्हती. गल्लीतल्या कुत्र्याला होती. नव्या संहितेने ही अट काढून टाकली. जीवाची किंमत रुपयांत मोजणं थांबलं, हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

‘मालक नाही’ म्हणणाऱ्यांनी 1960 च्याच कायद्यातलं कलम 11(1)(एल) वाचावं. प्राण्याला क्रूरपणे ठार मारण्याबद्दलच्या त्या कलमात ‘भटके कुत्रे धरून’ असे शब्द आहेत. मालकाचा प्रश्नच येत नाही.

राहिले पोलीस. कलम 11 मधले बरेचसे गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस त्यांचा तपास करू शकत नाहीत, त्यामुळे ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून बोळवण होते. पण 11(1)(एल) दखलपात्र आहे आणि न्याय संहितेचं 325 सुद्धा. तक्रारीत ही दोन्ही कलमं लिहा, मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करायला लावा. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि त्यापुढे न्यायदंडाधिकारी, हा मार्ग आहे.

मोर किंवा बिबट्या असेल तर वन्यजीव कायदा लागतो, किमान तीन वर्षं कैद.

आणि 1960 च्या कायद्यातला दंड वाढवताच येत नाही, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलगाडा शर्यती थांबवल्यावर महाराष्ट्राने 2017 मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करून त्यांना वाट मोकळी केली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने ती दुरुस्ती मान्य केली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या याचं मला दुःख आहे. पण त्याच दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला 5 लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. शर्यतीच्या बैलासाठी पाच लाख लिहिता आले, तर दारातल्या कुत्र्यासाठी पन्नासच का, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवं.