भाचीची लस कॅन्सल करायला लावणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या रविवारी धाकट्या भावजयीचा फोन आला, म्हणाली ताई, शनिवारची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केली. भाची तेराची आहे, तिला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस द्यायची असं आमचं दिवाळीतच ठरलं होतं, डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, सगळं झालं होतं. मी म्हटलं का गं, काय झालं? तर म्हणे तुम्हाला एक मेसेज पाठवते, आधी तो वाचा.

वाचला. वर तीन लाल त्रिकोण, खाली "आपल्या लेकी वाचवा, प्रत्येक ग्रुपवर पाठवा", आणि मधे सहा मुद्दे. लस घेतली की मूल होत नाही, खम्मममध्ये सात मुली मेल्या, जपानने बंदी घातली, लसीत विषारी धातू आहेत, लस घेऊनही कॅन्सर होतोच, आणि शेवटी ठळक अक्षरात, "हा रोग वाईट चालीच्या बायकांना होतो, संस्कारी घरातल्या मुलींना या लसीची गरज नाही". भावजयीला तो शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला होता. संध्याकाळपर्यंत तोच आमच्या भिशीच्या ग्रुपवर आला आणि तीन जणींनी हात जोडलेले टाकले. ह्या तिघींच्याही घरात दहा ते पंधरा वयाच्या मुली आहेत, म्हणून बसून लिहितेय.

आधी लस कशावर आहे ते. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, आपल्याकडे बायका ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. हे शोधून काढणाऱ्या हॅराल्ड झुर हाऊझेन यांना 2008 चं नोबेल मिळालं. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास 80,000 गेल्या. म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर.

आता शेवटचा मुद्दा मी आधी घेते, कारण बाकीचे पाच खोटे किंवा अर्धवट आहेत पण हा घाण आहे.

माझी मधली काकू 2011 साली ह्याच कॅन्सरने गेली, वय 47. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, तीन मुलं, घर, गोठा, रान ह्यापलीकडे तिचं जग नव्हतं. वर्षभर तिच्या अंगावरून पांढरं जात होतं, मग मधेच लाल, ती म्हणायची पाळी जायचं वय झालंय, असंच असतं. जुन्या साडीच्या घड्या वापरायची आणि अंधार पडला की गोठ्यामागे जाऊन धुवायची, वाळतही तिथेच घालायची, कुणाला वास येऊ नये म्हणून. पुढे पुढे पंगतीत बसायची बंद झाली, चुलीपाशी एकटीच जेवायची, आणि आम्हाला वाटायचं काकू हल्ली चिडचिडी झालीय. हॉस्पिटलात नेली तेव्हा गाठीने लघवीच्या नळ्या दाबल्या होत्या, किडन्या निकामी व्हायला लागल्या होत्या, करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. आणि अशात भेटायला आलेल्या नात्यातल्या एका बाईने दारातच विचारलं, "हिला कसा झाला म्हणे असला आजार?" काका तिथेच उभे होते. काकूने ते ऐकलं. त्यानंतर ती कुणाला भेटायलाच तयार होईना.

त्या बाईचा प्रश्न आणि ह्या मेसेजमधला शेवटचा मुद्दा एकच आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. हा व्हायरस इतका कॉमन आहे की ज्यांचे कधी ना कधी शरीरसंबंध आलेत अशा बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात एकदा तरी होऊन जातो. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो स्वतःच घालवतं, काहींच्यात तो तसाच राहतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. पुरुषाला बहुतेकदा काहीच कळत नाही, ना दुखत ना खुपत. बाईने आयुष्यभर एकच नवरा पाहिला असला तरी तो व्हायरस तिला येऊ शकतो, लग्न करून नांदणं एवढं पुरतं. ह्यात संस्कार कुठे आले? आणि लस नऊ ते चौदा वयात का देतात, तर व्हायरस शरीरात यायच्या आधी दिली तरच ती नीट चालते म्हणून. पोलिओचा डोस आपण बाळाला त्याचे पाय लुळे पडायची वाट बघत देतो का? ह्या लसीत मुलीवर संशय घेण्यासारखं काहीच नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याने तोच संशय आईच्या मनात घातला. माझी भावजय फोनवर शेवटी हळूच म्हणाली, "लोक म्हणतील हिला आत्तापासूनच का देतायत". मेसेजचं काम तिथे झालेलं होतं.

खम्मम. ह्यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायलाच पाहिजे. 2009 मध्ये पाथ नावाच्या अमेरिकन संस्थेने आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था आणि राज्य सरकारं यांच्याबरोबर तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात ही लस हजारो मुलींना दिली. खम्मममधल्या कित्येक मुली आदिवासी वसतिगृहातल्या होत्या, आणि बऱ्याच फॉर्मवर आईबापाच्या ऐवजी वॉर्डनने नाहीतर हेडमास्तरने सह्या केल्या होत्या. हे अत्यंत चूक होतं, 2013 मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि ते बरोबरच केलं. गरिबाच्या मुलीला इंजेक्शन द्यायचं आणि आईला विचारायचंही नाही, ह्याची चीड मलाही आहे. सात मुली गेल्या हेही खरं, फक्त त्यातल्या पाच आंध्रातल्या होत्या आणि दोन गुजरातमधल्या. पण लसीने गेल्या का? चौकशीत जी कारणं आली त्यात साप चावणं होतं, पाण्यात बुडणं होतं, कीटकनाशक पिणं होतं, मलेरिया होता. ह्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही असाच निष्कर्ष निघाला. मेसेजमध्ये "सात मुली मेल्या" एवढंच लिहिलंय, कशाने ते लिहिलेलं नाही.

आणि ह्याच प्रकरणातून पुढे जे झालं ते बहुतेकांना माहीतच नसतं. त्याच सुमारास देशात 9 ठिकाणी एक वेगळा मोठा अभ्यास चालू होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा, आणि त्यात आपलं पुणे आणि बार्शीही होतं. मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात हे त्यांना बघायचं होतं. एप्रिल 2010 मध्ये खम्ममचा गोंधळ झाल्यावर सरकारने सगळीकडचंच लसीकरण थांबवलं, त्यामुळे जवळपास 5,000 मुलींचा एकच डोस झाला आणि पुढचे राहूनच गेले. संशोधकांनी ह्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात राहिले, लग्नं होऊन सासरी गेलेल्यांनाही शोधत राहिले. 2021 मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी ह्या कॅन्सरवरच्या वैद्यकीय मासिकात निकाल आला. कॅन्सर करणारे जे मुख्य दोन प्रकार आहेत, 16 आणि 18 नंबरचे, त्यांचं शरीरात ठाण मांडून बसणारं इन्फेक्शन एका डोसने 95.4 टक्के रोखलं होतं, दोन डोसनी 93.1, तीन डोसनी 93.3. म्हणजे एक डोस तीन डोसांच्या तोडीस तोड. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे हा अभ्यास मोठा आधार होता. बार्शीच्या आसपासच्या खेड्यातल्या मुलींच्या तपासण्यांचा जगातल्या गरीब देशांचं धोरण बदलायला हातभार लागला, आणि आपण इथे बसून खम्ममचा मेसेज फॉरवर्ड करतोय.

कुणी म्हणेल इन्फेक्शन थांबलं म्हणजे कॅन्सर थांबला असं कशावरून. तर स्वीडनमध्ये 16 लाखांहून जास्त मुली आणि बायकांच्या नोंदी तपासल्या, 2020 मध्ये ते छापून आलं. सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर 88 टक्क्यांनी कमी निघाला, आणि सतरानंतर घेतलेल्यांमध्ये 53 टक्क्यांनी. दोन आकड्यांमधला फरक बघा, "अजून लहान आहे, मोठी झाल्यावर बघू" म्हणणाऱ्या प्रत्येक आईने बघा. स्कॉटलंडमध्ये तर बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये ह्या कॅन्सरची एकही केस सापडली नाही, हे 2024 मधलं.

जपानने बंदी घातली हे खोटं. 2013 मध्ये तिथे टीव्हीवर मुलींच्या त्रासाच्या बातम्या यायला लागल्या आणि सरकारने शिफारस करणं थांबवलं, लस मिळतच होती. पण घाबरून कुणी घेईना, 70 टक्क्यांच्या आसपास मुली घ्यायच्या तिथे एक टक्कासुद्धा राहिल्या नाहीत. मग नागोया शहरात जवळपास 30,000 मुलींची माहिती घेऊन 24 वेगवेगळ्या तक्रारी तपासल्या, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमध्ये लसीवर बोट ठेवावं असा फरक दिसला नाही. 2022 मध्ये सरकारने शिफारस पुन्हा सुरू केली. मधल्या 2013 ते 2019 ह्या काळातल्या भीतीपायी पुढे 5,000 च्या वर बायका जातील असा संशोधकांचा हिशोब आहे. मेसेजमधलं जपान 2013 लाच थांबलंय.

मूल होत नाही, ह्यावरही अभ्यास झालाय. अमेरिकेत सुमारे 2 लाख मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासल्या, अंडाशय वेळेआधी निकामी होण्याचा आणि लसीचा संबंध सापडला नाही. उलट कॅन्सर झाला की पिशवी काढावी लागते नाहीतर रेडिएशन द्यावं लागतं, आणि मग मूल होण्याचा प्रश्नच संपतो.

धातूंचं फार लिहित नाही. अॅल्युमिनियमचा क्षार असतो, अगदी थोडा, आणि तो धनुर्वाताच्या इंजेक्शनमध्येही असतो जे आपण सगळ्यांनी गरोदरपणी घेतलंय. लसीत जिवंत किंवा मेलेला व्हायरस नसतो, त्याच्या वरच्या टरफलातलं एक प्रोटीन तेवढं असतं. दंड दुखतो, थोडा ताप येऊ शकतो, काही मुलींना इंजेक्शननंतर चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवतात.

लस घेऊनही कॅन्सर होऊ शकतो, हा एक मुद्दा तेवढा खरा आहे, फक्त त्यावरून लस नको असं निघत नाही. 16 आणि 18 मिळून सुमारे 70 टक्के केसेस होतात, उरलेल्या प्रकारांसाठी तिशीनंतर तपासणी करावीच लागते. आणि ह्या तपासणीचाही मोठा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,30,000 च्या वर बायकांवर टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने काम केलं, 2009 मध्ये निकाल आला, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने ह्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. माझी काकू त्याच वर्षी 45 ची होती. तिची टेस्ट कधीच झाली नव्हती, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं अशी काही टेस्ट असते.

खाजगीत लस महाग आहे हे मात्र मेसेजमध्ये नाही, आणि खरी अडचण ती आहे. पुण्याच्या सीरमने आपली लस काढल्यापासून पर्याय वाढलाय, तरी खाजगीत अजून हजारांतच जाते आणि दोन मुली असलेल्या घराला ते जड आहे. सिक्कीमने 2018 मध्येच शाळांमधून मुलींना दिली. राग यायचाच असेल तर आपल्याकडे एवढा उशीर का झाला ह्याचा यावा.

हे सगळं मी भावजयीला फोनवर सांगितलं, ती ऐकत होती, मधे मधे हं म्हणत होती, शेवटी म्हणाली ह्यांना विचारते. भाऊ रात्री बोलला, त्याला काकूची आठवण होती. पुढच्या शनिवारी अकराची वेळ घेतलीय, भाचीला तिची आई घेऊन जाणार आहे, मीही जाणार आहे. भिशीतल्या त्या तिघींपैकी एकीने रात्री मला वेगळा मेसेज केला, माझी मुलगी चौदा पूर्ण आहे, उशीर तर नाही ना झाला? नाही झाला. डोस किती लागतील ते डॉक्टरांना विचार, पण नाही झाला.