एक स्टार दिला ते ठीक, पण चेनचं तेवढं ऐकून घ्या

भाऊ नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरानं मोबाईलवर वाचून दाखवला, मग मी चष्मा लावून अजून दोनदा वाचला. तुम्ही लिहिलं की मी स्वतः पैसे टाकून रेसवाली हेवी ड्युटी टायमिंग चेन (इंजिनाच्या आत क्रँक म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य शाफ्ट, त्यावरून कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा शाफ्ट फिरवते ती) आणून दिली, यांनी ती डब्यातच ठेवली अन् साधी कंपनीची चेन टाकून बिल हातात दिलं, तीन दिवस सांगून नऊ दिवस लावले, अन् एवढं करून सकाळी स्टार्टला अजून खडखड येते. शेवटी लिहिलं की गावठी गॅरेजवाल्याले परफॉर्मन्स गाडीतलं काय कळते. रिव्ह्यू सगळ्यांसमोर आहे म्हणून उत्तरही सगळ्यांसमोरच देऊन राहिलो. तुमचं नाव, गाडीचा नंबर काही लिहित नाही.

पहिले माझं चुकलं ते सांगतो. तुमची चेन टाकत नाही हे मी तुम्हाला व्हॉट्सअपवर व्हिडिओ पाठवून सांगतलं होतं, निळी टिक आली, तुमचा रिप्लाय आला नाही, अन् मी ते हो समजून काम चालू केलं. निळी टिक म्हणजे होकार नाही जी, हे मला आता कळलं. फोन लावून तोंडानं विचारायला पाहिजे होतं. दुसरं, नऊ दिवस. समोरच्या कव्हरचे अन् क्रँकचे बोल्ट एकदा टाइट केले की ताणले जातात, ते परत वापरत नाहीत, नवेच लागतात, नागपूरहून पहिल्या खेपेला भलतेच आले. त्यात पोळा अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, दोन्ही पोरं गावाकडे बैल सजवायला. पोळा काही अचानक येत नाही, कॅलेंडरवर असते, तीन दिवस म्हणताना मीच पाहायला पाहिजे होतं. हे दोन्ही माझ्याकडे.

आता चेन. तुम्ही पाहिलं नाही म्हणून सांगतो की मी डबा उघडून काय केलं. वर्कशॉपच्या खांबाला दोन खिळे आहेत, एकाला तुमची चेन टांगली, एकाला आम्ही मागवलेली नवी, दोन्हीच्या खाली सारखाच पाना लटकवला, म्हणजे वजन सारखं. कड्या मोजल्या, सारख्याच. मग व्हर्नियर लावला तर तुमची चेन पावणेदोन मिलिमीटर जास्त लांब निघाली, डब्यातून काढलेली, एक किलोमीटर न चाललेली. पिनांची डोकी पाहिली तर काही गोल चेपलेली अन् काही तिरपी, पट्ट्यांच्या कडेला बोट फिरवलं तर खरखर लागली, अन् बनवणाऱ्याचा शिक्का अख्ख्या चेनवर कुठंच नाही. डब्यावर मात्र लाल अक्षरात रेस. तुम्ही ती कुठून घेतली ते मला माहीत नाही अन् कोणाचं नाव मला घ्यायचं नाही.

पावणेदोन मिलिमीटर म्हणजे काय होते, तर लोकं म्हणतात ना चेन ताणली, तर लोखंड काही रबरासारखं ताणल्या जात नाही. पिन अन् ती ज्या भोकात फिरते ते भोक, दोन्ही घासतात. एका जोडावर दोन शतांश मिलिमीटर ढिलाई आली तर डोळ्याला दिसतही नाही, पण असे सव्वाशे जोड असले की अडीच मिलिमीटर झाले. समजा कॅमचं स्प्रॉकेट, म्हणजे दातांचं चाक, 40 दातांचं आहे अन् पिच, म्हणजे एका दातापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, 8 मिलिमीटर, तर घेर झाला 320. ओढणाऱ्या बाजूला चेन 1 मिलिमीटर वाढली की कॅम एक डिग्रीपेक्षा जास्त मागं पडला, क्रँकच्या हिशोबात सव्वादोन डिग्री. तुमची चेन नवीच जुनी होऊन आली होती म्हणा ना. ती टाकली असती तर टेन्शनरची, म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या भागाची, अर्धी दांडी पहिल्याच दिवशी बाहेर आली असती, मग पुढं झिजल्यावर तो घेणार काय?

आता मोठा मुद्दा, अन् इथं तुमच्यासारखी बरीच पोरं फसून राहिली म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही म्हणाले गाडी स्टेज वन रिमॅप आहे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं, पॉवर वाढली तर चेनही दणकट पाहिजे. ऐकायला बरोबर वाटते. पण टायमिंग चेन चाकापर्यंत पॉवर नेत नाही जी, ते काम क्लच अन् गिअरबॉक्सचं, तुमच्या गाडीत रिमॅपनंतर आधी क्लच स्लिप होईल. चेन फक्त कॅम फिरवते. तिच्यावर लोड येते तो व्हॉल्वच्या स्प्रिंगांचा, कॅमच्या आकाराचा, आरपीएमचा, अन् डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरात मारणाऱ्या) इंजिनात हाय प्रेशर पेट्रोल पंप कॅमवरच ठोकला जाते त्याच्या झटक्यांचा. तुमच्या रिमॅपमध्ये वाढलं काय, तर टर्बोचं बूस्ट अन् पेट्रोल. स्प्रिंगा त्याच, कॅम तेच, रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची हद्द, तीच. समृद्धीवर 120 च्या लिमिटात सहाव्या गिअरला तुमचं इंजिन तीन हजाराच्या आसपास फिरते, त्यात चेनला घाम यायचं काही कारण नाही.

मग अपग्रेड चेन कोणाला लागते? ज्यानं कडक स्प्रिंगा टाकल्या, उंच लिफ्टचे कॅम टाकले, मोठा पेट्रोल पंप बसवला, अन् जो सात-आठ हजारावर गाडी खेचते त्याला. किंवा जुन्या अमेरिकन व्ही8 ला, 1955 साली आलेल्या शेवरोले स्मॉल ब्लॉकसारख्या इंजिनाला, तिथं कॅम ब्लॉकच्या आतच असते, चेन आखूड, टेन्शनरच नाही, म्हणून लोकं डबल रोलर, म्हणजे दोन ओळींची रोलर चेन, टाकतात अन् फरक पडते. डबल रोलरचं वेड तिकडून इकडं आलं. तुमच्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, दोन, चेन लांब, तिला दोन्ही बाजूनं प्लास्टिकचे गाईड, अन् तेलाच्या प्रेशरवर चालणारा टेन्शनर, त्यात दाताची सायलेंट चेन, रोलर नाही. तिथं फक्त चेन जाड करून भागत नाही. जाड म्हणजे जड, जड चेन फिरताना बाहेर फेकल्या जाते, गाईड जास्त खाते, अन् टेन्शनरची स्प्रिंग तेवढ्या वजनासाठी बनलेलीच नाही. बैलजोडीत एकच बैल बदलल्यासारखं आहे ते, ज्यानं वखर धरलं त्याला समजेल.

अन् तुमच्या गाडीत मेलं काय होतं ते सांगतो, कारण रिव्ह्यूत ते आलंच नाही. तुमची जुनी चेन थोडी घासली होती, एवढ्या किलोमीटरला घासणारच. खरा प्रॉब्लेम टेन्शनर. त्याच्या दांडीवर बारीक दाते असतात अन् एक कुत्रा, म्हणजे अडवणारा खटका, त्यात अडकून बसते, म्हणजे इंजिन बंद झालं, तेलाचं प्रेशर गेलं तरी दांडी मागं जात नाही. तुमच्या टेन्शनरचा तो कुत्रा धरणारी पत्तीच तुटलेली होती, दोन तुकडे संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, सापडले. म्हणून रात्रभर उभी राहिली की दांडी मागं, चेन ढिली, सकाळी सेल्फ मारला की प्रेशर येईपर्यंत दोन-तीन सेकंद खडखड. अशातच एखाद्या दिवशी चेन दात सोडते अन् या इंजिनात पिस्टन अन् व्हॉल्व एकाच जागेत येतात, म्हणजे ठोका, वाकले व्हॉल्व, हेड खाली. तुम्ही आणलेल्या डब्यात टेन्शनर नव्हताच भाऊ, नुसती चेन होती. म्हणून मी सुधारलेल्या डिझाइनचा टेन्शनर, चेन, तिन्ही गाईड, क्रँक सील असा पूर्ण सेट टाकला. तुमच्या गाडीसाठी अपग्रेड म्हणाल तर तो टेन्शनरच आहे. तुम्ही साधी चेन टाकली म्हणून राहिले, पण तिच्यावर बनवणाऱ्याचा शिक्का आहे, पिना कडक केलेल्या आहेत, अन् ती त्याच स्प्रॉकेटसाठी मोजून बनवलेली आहे.

तेलाचंही बोलून घेतो. तुम्ही म्हणाले आधीचे मालक 15,000 वर तेल बदलत होते. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तेलात काजळी जमते, ती काजळी पिनांमध्ये पॉलिश पेपरचं काम करते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर, त्यात एसी लावून गाडी उभी, तेल शिजते. 7,500 ला बदला, कंपनीच्या मान्यतेचंच टाका, रेसवालं नाव पाहून नको. अन् तुमच्या घरासमोर चढाव आहे म्हणाले होते, तिथं नुसती गिअरमध्ये टाकून गाडी सोडू नका, हँडब्रेक आधी. गाडी मागं ओढली गेली की इंजिन उलटं फिरू पाहते अन् तो झटका सरळ टेन्शनरवर जाते. हे मी तुम्हाला डिलिव्हरीला सांगतलं होतं पण तेव्हा तुम्ही बिल पाहत होते, तुमचंही बरोबर, बिल मोठं होतं.

आता राहिलेली खडखड. तुम्ही टाकलेला व्हिडिओ मी हेडफोन लावून ऐकला. आवाज एक सेकंदाचा आहे, पहिले तीन सेकंदाचा होता. मला तो चेनपेक्षा टर्बोच्या वेस्टगेटची (जास्तीचा धूर बाजूनं काढणाऱ्या झडपेची) पत्ती हलल्यासारखा वाटून राहिला, पातळ टणटण आहे, चेनचा आवाज जाड असते. पण मोबाईलवरून मी छातीठोक सांगत नाही. काम झाल्यावर स्कॅनरवर कॅम-क्रँकचा फरक पाहिला तेव्हा एक डिग्रीच्या आतच होता, त्याचा फोटो बिलासोबत पाठवला होता, पुन्हा पाठवतो. गाडी आणा, माझ्या कामातला दोष निघाला तर मजुरी, सील, बोल्ट सगळं माझं. वेस्टगेट निघालं तर ते वेगळं काम, आधी भाव सांगीन, तुम्ही तोंडानं हो म्हणाल तेव्हाच हात लावीन.

गावठीचं म्हणाल तर त्याचा राग नाही. आमच्याकडे आधी ट्रॅक्टर अन् जीपच यायच्या, माझा बाप बीएमसी इंजिनवाल्या अँबेसेडरची चेन बदलायचा, तीही चेनच होती. टर्बो पेट्रोल मी नंतर शिकलो, लॉकिंग टूलचा (कॅम-क्रँक जागेवर पक्के धरणाऱ्या अवजारांचा) सेट पहिले घेतला मग पहिली गाडी उघडली, अंदाजानं खुणा करून कधी टायमिंग जुळवलं नाही.

तुमची रेस चेन डब्यासकट डिक्कीत उजव्या बाजूला ठेवली आहे, जुना टेन्शनर अन् पत्तीचे दोन तुकडे माझ्याकडे प्लास्टिकच्या पन्नीत आहेत, आले की पाहून घ्या. मंगळवारी येऊ नका, बाजार असते, पुलगाव रोडवर गाडी लावायलाही जागा नसते. दुसऱ्या ज्या दिवशी दाखवायची त्याच्या आदल्या संध्याकाळी आणून लावा, इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर कोणी चावी लावणार नाही. सकाळी सातला मी कानाला स्टेथोस्कोप लावून बोनटजवळ उभा राहतो, सेल्फ तुम्हीच मारा.