छडी, शिस्त आणि साठ पोरांचा वर्ग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ असा, की छडी गेली तशी शाळेतली शिस्त गेली. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे हात बांधले, आणि मी लेखात सांगितलेले छडीशिवाय वर्ग सांभाळण्याचे उपाय साठ पोरांच्या वर्गात एक आठवडाही टिकणार नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या कडक शिस्तीचाही दाखला तुम्ही दिलात. शेवटी विचारलंत, नववीतला मुलगा भर वर्गात उलट बोलला तर शिक्षकाने करायचं काय?

साठ पोरांचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा, असं तोच कायदा सांगतो. त्याच्या जवळपास दुप्पट मुलं एका खोलीत, एका बाकावर तिघं अशी दाटीवाटीने बसवायची आणि गोंधळाचा दोष एकट्या शिक्षकाला द्यायचा, हा अन्याय आहे. पण वर्ग जितका मोठा, तितकी छडी कमी पुरते. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन एकाला मारेपर्यंत बाकीच्यांचा तास बुडालेला असतो.

कायद्याचं म्हणाल, तर कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. समज देणं, जागा बदलणं, पालकांना बोलावणं, अर्धवट राहिलेलं काम मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर पुरं करायला लावणं, यातलं काहीच बंद नाही. आणि छडीवाल्या सरांच्या तासाला चिडीचूप बसलेला वर्ग पुढच्या तासाला कसा उसळतो, हे त्या पुढच्या तासाच्या बाईंना विचारा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की वर्ग हातात राहतो तो खोडी घडण्याआधी. जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून हेच तपासलं. ज्यांचे वर्ग नीट चालत आणि ज्यांचे चालत नसत, त्या शिक्षकांच्या रागावण्याच्या पद्धतीत त्याला फारसा फरक सापडला नाही. फरक आधीच्या गोष्टींत होता : शिक्षकाचं लक्ष साऱ्या वर्गावर आहे हे मुलांना जाणवतं का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग रेंगाळतो का. १९७० साली त्याने हे मांडलं, पण आपल्या कराड तालुक्यातल्या कुठल्याही हायस्कुलात ते आजही दिसेल. पोरं बिघडतात ती रिकाम्या वेळात. तास बदलताना, वह्या वाटताना, शिक्षक फळ्याकडे तोंड करून लांबलचक लिहीत असताना.

म्हणून मी वर्गात शिरते तेव्हा एक उदाहरण फळ्यावर असतं. ते वर्गप्रमुख आधीच्या तासाच्या शेवटी लिहून ठेवतो. मुलं ते सोडवतात, तोवर माझी हजेरी होते. एसटी उशिरा आली की खेड्यांवरची पोरं घोळक्याने येतात. त्यांनी दारात उभं राहून 'आत येऊ का बाई' विचारायचं नाही, दाराजवळच्या बाकावर बसायचं आणि लिहायला लागायचं. हे जूनमध्ये बसवावं लागतं, रोज, कंटाळा न करता. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेलं पोर वर्गात बसलं, की त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. त्याच्या बोलण्याला हसणाऱ्यांना मात्र मी तिथल्या तिथे थांबवते.

काही वेळा आपण ज्याला बेशिस्त म्हणतो तिचं मूळ शाळेबाहेर असतं. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला आली, की वडिलांबरोबर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेला मुलगा दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकतो. त्याला मारून कुणाचं भलं होणार? मी त्याला तोंड धुऊन यायला सांगते. लाईटची रात्रपाळी संपेपर्यंत त्याचा गृहपाठ मधल्या सुट्टीत करून घेते आणि वडिलांना फोन करते.

कर्मवीरांचं नाव तुम्ही काढलंत, बरं झालं. १९२४ साली साताऱ्यात सुरू झालेल्या त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वयंपाकापासून शेतातल्या कष्टापर्यंतची कामं स्वतः करत. प्रत्येकाच्या वाट्याला खरं काम होतं आणि त्याचा मान होता. माझ्या मते त्या शिस्तीचा कणा हाच होता. वर्गातल्या सगळ्यात खोडकर पोराला प्रयोगशाळेचं साहित्य सांभाळायला द्या. पण खरंच त्याच्यावर सोपवा, पाळतीसाठी दुसरा ठेवू नका.

आता उलट बोलणाऱ्याचं. भर वर्गात त्याच्याशी वाद घालू नका. साठ जण बघत असताना पंधरा वर्षांचा मुलगा माघार घेत नाही. हळू आवाजात एकच वाक्य सांगायचं, 'तास संपल्यावर थांब, आपण बोलू,' आणि धडा पुढे न्यायचा. तास संपल्यावर मात्र विसरायचं नाही. आधी त्याचं ऐकायचं, मग त्याने काय केलं ते स्पष्ट सांगायचं. माफी मागवायची तर वर्गासमोर नाही. पुन्हा तसंच झालं तर पालकांना बोलवायचं, आणि बोलणं त्याच्या देखत करायचं. शिवीगाळ, मारामारी, धमकी असेल, तर ते एकट्या शिक्षकाने अंगावर घ्यायचंच नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे लेखी द्यायचं.