गावकारी म्हणजे खुला बाजार नव्हे

“सरकार हवंच कशाला? रस्ते, पोलीस, बांध, दीपगृहं, सगळं खुला बाजार देईल. गोव्यातल्या गावांनी शेकडो वर्षं हेच करून दाखवलंय.” अशा अर्थाची एक लांबलचक पोस्ट सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. माझ्या भाच्याने ती घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, “मामा, आता बोल.” मुलगा वाचणारा आहे. त्यालाही हे पटलं, म्हणून बोलतो.

सगळ्यात चुकीचा मुद्दा आधी घेतो. पोस्ट म्हणते, खाजनाचे, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवून केलेल्या नदीकाठच्या सखल शेतांचे, बांध सरकारने नव्हे, गावकऱ्यांनी बांधले आणि राखले, म्हणजे सार्वजनिक सोयी बाजारातून उभ्या राहतात. यातला पहिला भाग खरा आहे. बांध आणि मानशी, म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची दारं, पोर्तुगीज येण्याआधीपासूनच्या आहेत. गावकारी म्हणजे गावाची जमीन आणि कारभार मिळून सांभाळणारी गोव्यातली जुनी गावसंस्था. पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाच्या 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, तिचे जुने रिवाजच लिहून काढले गेले. पण त्यावरून बाजार कुठून आला? जमीन कोणा एकाची नव्हती, गावाची होती. गावकर, म्हणजे गावकारीचा सदस्य, व्हायचं तर ठरावीक वांगडात, म्हणजे कुळीत, पुरुष म्हणून जन्मावं लागे. पैसे मोजून गावकर होता येत नसे, आणि मनात आलं म्हणून बांधाचा खर्च टाळताही येत नसे. उत्पन्नातून आधी गावाचे खर्च भागत, उरेल ते जोण, म्हणजे गावकरांचा वाटा, म्हणून वाटलं जाई. यात सक्ती आहे, कर आहे, कारभार आहे. हे एक छोटं सरकारच होतं, आणि तेही बायकांना आणि गावकर नसलेल्यांना बाहेर ठेवणारं. त्याचे गोडवे गाताना एवढं तरी सांगा.

बाजार खाजनात शिरतो तो मानशीच्या दारातून. तिथल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. जास्त बोली लावणारा भरतीचं पाणी आत घेतो आणि ओहोटीला दारात जाळं लावतो. जितकं पाणी आत, तितकी मासळी. पावसाळ्यात त्याच पाण्याच्या वाटेवर कोरगूट जातीचं भात उभं असतं. ते खारेपणा सोसतं, पण किती सोसणार? मासळीचे पैसे एकाच्या खिशात जातात आणि भात कुजतं दुसऱ्याचं. शेतकरी वर्षानुवर्षं हीच तक्रार करत आलेत. काही ठिकाणी तर बांध मुद्दाम फोडून शेतांची मासळीची तळी केली गेली.

यावर उत्तर तयार असतं: करार करा, खासगी लवादाकडे भरपाई मागा. शेताचा छोटा तुकडा कसणारी म्हातारी आणि लाखांची बोली लावणारा ठेकेदार, यांनी मिळून लवाद निवडायचा? आणि निकाल ठेकेदाराने मानला नाही तर? बांध फुटला की पाणी वर्गणी भरणाऱ्याच्या शेतात जातं तसं न भरणाऱ्याच्याही. बांध टिकला तर दोघांचंही भात वाचतं. मग ऐच्छिक वर्गणी कोण भरत राहील? एकच मालक असला तर तो बांध राखेल, असंही पोस्टमध्ये आहे. राखेल, भातात पैसा आहे तोवर. नदीकाठाला रिसॉर्टचा भाव आला की त्याला बांध नकोसा होईल. शेजारच्या वाड्यावरच्या विहिरींना मात्र तो हवाच असेल.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. 1964 च्या कूळ कायद्यानंतर गावकारीचा हात सुटत गेला, बांधांची जबाबदारी पुढे कूळ संघांवर, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघटनांवर, आली, आणि अनेक ठिकाणी बांधांकडे कोणी बघत नाही. सरकारला दुरुस्ती आठवते ती पाऊस तोंडावर आल्यावर. याचा राग मलाही आहे. पण त्यासाठी संघांना पैसा आणि अधिकार द्यायला हवेत. मानस अजून मोठ्या बोलीला देऊन बांध सुधारणार नाही.

दीपगृहांचा मुद्दा रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाच्या 1974 च्या लेखावर उभा आहे. इंग्लंडमध्ये खासगी माणसांनी दीपगृहं बांधली, हे कोसने दाखवलं, बरोबर. पण त्याच लेखात पुढचंही आहे. शुल्क घेण्याचा हक्क राजाकडून मिळे, दर मनाला येईल तसा लावता येत नसे, वसुली बंदरात होई आणि अनेकदा जकातीचे अधिकारीच ती करत. समुद्रातून जाणाऱ्या जहाजाकडून कोण पैसे मागणार? राजाची सनद आणि बंदरातली वसुली काढून टाका, मग तो धंदा चालतो का बघा. शेवटी 1836 च्या कायद्याने ही दीपगृहं ट्रिनिटी हाउस या दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेकडे देण्याची सोय झाली. पोस्टमध्ये यातलं काहीच नाही.

टोलचे रस्ते आणि खासगी पोलीस यांवर फार बोलत नाही. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या दहा घरांच्या वाड्यावर टोल नाका काढायला कोण येणार आहे?

प्रदूषणाचा मुद्दा मात्र सोडून देता येत नाही. जमिनीची मालकी पक्की असली की नुकसान आपोआप थांबतं म्हणे. डिचोली-सत्तरीत खाणींचा गाळ ज्या शेतांत आला, त्यातल्या कितीतरी शेतांची मालकी पक्कीच होती. गाळ थांबला नाही. 2012 मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या. 2014 च्या निकालात 22 नोव्हेंबर 2007 नंतरचं खाणकाम बेकायदा ठरलं, म्हणजे जवळपास पाच वर्षं सरकारने ते चालू दिलं. त्याचा जाब आपण विचारू शकतो, कारण सरकारला कायदा आणि न्यायालय बांधून ठेवतं. खाणमालकाने स्वतःच लवाद नेमला असता तर शेतकऱ्याने कोणाचं दार ठोठवायचं?