दीड इंचाचा ढाळ

गेल्या रविवारी माझ्या ८४,००० रुपयांची किंमत एका गोटीने ठरवली, आणि ती गोटीसुद्धा माझी नव्हती.

नवी मुंबईत नेरूळच्या आमच्या रो-हाऊसमागे १२ फूट लांब आणि १० फूट रुंद परसदार आहे. तिथे कढीपत्ता, एक फुटकी बादली आणि शहाबादी फरशांच्या सांध्यांतून उगवलेले गवत आजवर गुण्यागोविंदाने नांदत होते. पावसाळ्यापूर्वी त्याचे रूप पालटायचे ठरले, तेव्हा पैसे वसूल होतील तेवढेच काम करायचे, ही माझी अट होती. ती ऐकून ओळखीचा इस्टेट एजंट दयाळूपणे हसला. घराचा भाव चटई क्षेत्रावर ठरतो, आणि २०१६ च्या रेरा कायद्याने त्या क्षेत्रातून बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्चीसुद्धा वगळली आहे. मग ज्या जागेच्या डोक्यावर आभाळाखेरीज काही नाही तिला कोण विचारणार, असा त्याचा सवाल होता. वसुली आपल्यालाच झोपाळ्यावर बसून करावी लागणार, हे तेव्हाच कळले.

कृत्रिम हिरवळीचा नमुना मी मे महिन्यातल्या दुपारी अंगणात ठेवून पाहिला आणि अनवाणी पाय टेकवताच बाद केला. लाकडी पर्गोला आमच्या दमट हवेत दर वर्षी पॉलिश मागेल, म्हणून तोही बाद झाला. उरल्या खरखरीत टाईल्स, लोखंडी पर्गोला, झोपाळा आणि दिव्यांच्या माळा. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये आणखी एक ओळ होती, 'ढाळ काढणे व जाळी बदलणे, ६,००० रुपये', म्हणजे पाणी निचऱ्याच्या जाळीकडे वाहील असा उतार देणे. साऱ्या कागदावर केवळ याच कामात पाहुण्यांना दाखवण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी ती लाल पेनाने काटली. त्या दिवशी मला आपण फार व्यवहारी असल्यासारखे वाटले होते.

काम ११ दिवस चालले आणि ते ८४,००० रुपये त्यात गेले. शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असून रोज सकाळी गॅलरीत चहाचा कप घेऊन ते पाहत असत. एकदाही त्यांनी तोंड उघडले नाही. रविवारी सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, बूट बाहेर काढले, टाईल्सवर दोन पावले टाकली आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ती त्यांनी अशा बेताने सोडली, की आत शाळिग्राम असावा असे वाटून माझ्या सासूबाईंनी नकळत पदर सावरला. आत दुधी रंगाची एक गोटी होती.

"नातवाची आहे," काका म्हणाले. "उतार तपासायची पाणसळ खोटं बोलत नाही, पण ती वाचणारा बोलतो. गोटीला काही वाचावं लागत नाही."

त्यांनी गोटी कुंपणाच्या भिंतीजवळ, जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवली. ती क्षणभर स्थिर राहिली. मग जाळीकडे पाठ फिरवून निघाली, एका सांध्यात अडखळली, तिथे थोडा विचार केल्यासारखी थांबली आणि पुढे रमतगमत थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन टक् करून आपटली. भिंतीवर चढून बसलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी हाच प्रयोग चार कोपऱ्यांतून चार वेळा केला आणि चारही वेळा गोटी माहेरी निघाल्यासारखी स्वयंपाकघराकडे गेली.

"साहेब, गोटी वेगळी, पाणी वेगळं," उरलेल्या पैशांसाठी आलेला कंत्राटदार म्हणाला. "पाण्याला वजन असतं."

"आणि ही काय कापसाची आहे?" काकांनी विचारले. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "१२ फुटांत दीड इंच ढाळ हवा होता, तोही जाळीकडे. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे काही नवलाचा नाही. तेवढ्यात तुमच्या या अंगणात ११०० लिटर पाणी पडेल. गच्चीवरची काळी टाकी स्वयंपाकघरात उपडी केली असं समजा. सिडकोनं खाडीकाठच्या सखल जमिनीवर शहर वसवलं, तेव्हा पावसाच्या पाण्यासाठी धारण तलाव बांधले, भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून झडपा बसवल्या. अख्ख्या शहराचं पाणी खाडीत जावं म्हणून माणसं झिजली, आणि तुम्ही तुमचं पाणी ओट्याखाली आणलंत!"

मी कंत्राटदाराकडे रागाने पाहिले. त्याने शांतपणे फोन काढला, कोटेशनचा फोटो मोठा केला आणि माझी लाल रेघ आधी काकांना, मग माझ्या बायकोला आणि अखेर सासूबाईंना दाखवली. सासूबाईंनी चष्मा मागवून घेऊन ती वाचली.

"अहो, सहा हजार?" बायको एवढेच म्हणाली. दिव्यांच्या माळांना आम्ही साडेसात हजार मोजले होते.

आता टाईल्स उखडून ढाळ काढून द्यायचे २२,००० रुपये होतील, असे कंत्राटदाराने सांगितले आहे. चूक माझी आहे हे मला मान्य आहे. तरीही उलटा उतार देण्यासाठी मी कुणाला पैसे दिले नव्हते, आणि ज्याच्या हातात ११ दिवस पाणसळ होती त्याला तो दिसला नाही, यावर माझा आजही विश्वास बसत नाही. पण खरा राग आहे तो काकांचा. न राहवून मी त्यांना विचारले, की रोज गॅलरीतून बघत होतात, तर तेव्हाच का नाही बोललात?

"काम चालू असताना बोललं की लोकांना राग येतो," काका बूट घालता घालता म्हणाले.

पाचव्या फेरीत गोटी उंबऱ्याच्या फटीतून आत गेली आणि फ्रिजखाली कुठेतरी नाहीशी झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी काकांचा नातू दारात येऊन उभा राहतो आणि पाठ करून आणल्यासारखे एका दमात विचारतो, "आजोबांनी विचारलंय, गोटी सापडली का, आणि पाणी आलं का?"