हा रूट कोण?

रविवारी रात्री कुणीतरी कारखान्याच्या सर्व्हरवरचं बॅकअपचं फोल्डर साफ उडवलं, आणि सोमवारी साहेबांसमोर मान खाली घालून उभा मी. का, तर "कॉम्प्युटरचं तूच बघतोस की!" पासवर्ड मात्र स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत सगळ्या उद्यमनगराला पाठ.

लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी आलं त्याची नोंद, छापून दिला. लॉगिन कुणाचं? रूट. म्हणजे सर्व्हरचं सगळे अधिकार असलेलं खातं. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता? कारखान्याचाच.

हेडक्लार्क अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, मस्टर उघडलं आणि थुंकी लावून पानं उलटली. "रूट... रूट... मस्टरवर गावत न्हाई. कंत्राटदाराचा माणूस हाय काय?"

"अण्णा, तो माणूस नाही. सगळे त्याच नावानं आत जातात."

"सगळे? मग ओव्हरटाइम कुणाच्या नावावर घालायचा?"

वॉचमनला बोलावलं. रात्री अकराला रूट आत आला, गेटबुकात नोंद का नाही? त्यानं शपथ घेतली, "आईशप्पथ, असल्या नावाचं कोण आलंच न्हाई." मग मला बाजूला घेऊन हळूच, "दिसायला कसा हाय?"

एवढ्यात मागवलेली मिसळ आली. कोल्हापुरात मिसळ समोर असताना चौकशी चालत नाही. कटाची वाटी दोनदा भरून झाली, माझी नोकरी तेवढा वेळ टांगणीला.

मी म्हणालो, प्रत्येकाला वेगळं खातं द्या, वरचे अधिकार सुडो नावाच्या प्रोग्रामनं द्या. कुणी कुठली कमांड चालवली, ते नावानिशी उमटतं. ही सोय १९८० च्या सुमारास अमेरिकेत, बफेलोच्या विद्यापीठात निघाली. म्हणजे आमच्या कारखान्यातल्या निम्म्या पोरांपेक्षा थोरली. सर्ट-इनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, २०२२ चा आदेश म्हणतो, लॉग १८० दिवस जपा. जपतो की! १८० दिवस रूट, रूट, रूट.

साहेब दुखावले. "म्हणजे माझ्या माणसांवर संशय? आपण सगळी घरचीच हाय रे." या घरच्या माणसांना साहेबांच्या ड्रॉवरची किल्ली मात्र मिळत नाही. आत बडीशेप असते. आणि घरच्यांवर संशय नको म्हणून तो घ्यायचा कुणावर, तर माझ्यावर! फोल्डर कुणी उडवलं ते आजतागायत कळलं नाही, पण माझी पगारवाढ "बघूया" वर गेली.

ठरलं काय, तर पासवर्ड बदला. शेवटचा आकडा तीन होता, तो चार झाला. संध्याकाळी अण्णांनी तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला. खाली पटापट अंगठे आले. पहिला अंगठा दिवाळीला भांडून नोकरी सोडून गेलेल्या पोराचा.