‘हेरिटेज लागायच्या आधी दुकान सोलून काढा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. तो म्हणतो: शंभर वर्षंही न झालेली दुकानाची इमारत कसला वारसा? एकदा वारसा इमारतींच्या यादीत नाव गेलं की आत खिळाही ठोकता येत नाही. जुने छज्जे धोकादायकच असतात. म्हणून गावाकडे जुनं दुकान घेतलंत तर कौन्सिलला जाग यायच्या आत टाइल्स, काचा, छत सगळं काढून टाका, म्हणजे यादीत घालण्यासारखं काही उरणारच नाही. माझ्या मामेभावाने नुकतंच 1930च्या दशकातलं असं एक दुकान घेतलंय. त्याने मला हा मेसेज पाठवून खाली विचारलं, ‘‘कामाला माणूस लावू का?’’ नको लावूस!

आधी तो खिळा. तिथल्या कौन्सिलांच्या प्रमाणित एलईपीतलं, म्हणजे जमीनवापराच्या आणि बांधकामाच्या स्थानिक नियमावलीतलं, कलम 5.10 मेसेज लिहिणाऱ्याने उघडूनही पाहिलेलं नाही. स्थानिक यादीतल्या इमारतीत आतले रचनात्मक बदल करायचे असतील, किंवा त्याच नियमावलीच्या परिशिष्ट 5 मध्ये नावानिशी नोंदवलेल्या आतल्या गोष्टीला हात लावायचा असेल, तर परवानगी लागते. किरकोळ दुरुस्ती कौन्सिलला कळवून, त्यांचा लेखी होकार आला की पूर्ण अर्जाशिवाय करता येते. उलट जतन होणार असेल तर एरवी त्या जागेत न चालणारा वापरही मंजूर करायची सोय त्याच कलमात आहे. राज्याच्या यादीतल्या इमारतींचे नियम याहून कडक आहेत, आणि कागदपत्रांत वेळ जातो, हेही मान्य. पण खिळ्याची गोष्ट निव्वळ थाप आहे.

वयाची अट तर कुठेच नाही.

आता सोलून काढायचा सल्ला. याचाच मला सर्वांत जास्त राग आहे. त्या काळच्या दुकानात वारसा नेमका कशात असतो? काचेखालच्या टाइल्सच्या पट्टीत, आत घेतलेल्या दारात, ठशाच्या पत्र्याच्या नक्षीदार छतात. रस्त्यावर मोटारी वाढल्या तसे व्हरांड्याचे खांब काढून छज्जे लोखंडी सळ्यांनी भिंतीला टांगले गेले, तो बदलही तिथे डोळ्यांनी दिसतो. हे एकदा कचऱ्याच्या डब्यात गेलं की परत मिळत नाही.

बिंगारा बघा. किथिरा बेटावरून आलेल्या तीन ग्रीक भागीदारांनी 1936 साली त्या छोट्या गावात रॉक्सी थिएटर आणि शेजारी कॅफे उभारला. धंदा लवकरच बुडाला, 1958 मध्ये सिनेमा बंद झाला. पण आतली सजावट कुणी उखडली नव्हती, म्हणून 2004 मध्ये थिएटर पुन्हा उघडता आलं. परक्या देशात येऊन दुकान थाटणाऱ्यांचा हा इतिहास आहे. तो पुसायचा सल्ला आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या माणसांनी एकमेकांना द्यावा?

शिवाय हा सल्ला अंगाशी येणारा आहे. अनेक गावांचा मुख्य रस्ता आधीच वारसा संवर्धन क्षेत्रात असतो, तिथे इमारत स्वतंत्र यादीत नसली तरी दर्शनी भाग बदलायला परवानगी लागते. इमारतीच्या वारशाला धोका दिसला तर तिला संरक्षण देणारा बारा महिन्यांपर्यंतचा तात्पुरता वारसा आदेशही निघू शकतो. आणि त्या काळच्या बांधकामात ॲस्बेस्टॉस असू शकतं. घाईघाईत हातोडा चालवणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार कोणी केलाय का?

छज्ज्यांबद्दल मात्र अर्धं खरं आहे. 1989च्या न्यूकॅसल भूकंपात तेरा माणसं गेली. त्यातली तिघं तिथल्या हॅमिल्टन उपनगरातल्या ब्यूमाँट स्ट्रीटवर, दुकानांच्या भिंती आणि छज्जे कोसळून. म्हणून इंजिनिअरकडून सळ्या आणि वरची कठड्याची भिंत तपासून घ्यायची, गरज असेल तिथे ती मागून बांधून घ्यायची. पाडायची नाही.

भावाला एवढंच सांगितलंय: आधी छताची गळती थांबव, आतल्या सगळ्याचे फोटो काढ आणि कौन्सिलच्या हेरिटेज सल्लागाराची वेळ घे. बऱ्याच ग्रामीण कौन्सिलांत तो सल्ला फुकट मिळतो.